माशीला नाव कुणाचं

विजू, तुझी माशी अजून बिननावाची आहे.

आज सकाळी कल्पनाचा फोन आला. तुझी विद्यार्थिनी ती, आता स्वतः कॉलेजात शिकवते, तरी तुझा विषय निघाला की आवाज वर्गातल्या मुलीसारखा होतो. म्हणाली, मॅडमचा लेख तयार आहे, चित्रं जागेवर आहेत, फक्त नाव असायला हवं तिथे टिंबं आहेत. मागे तिने तुला विचारलं होतं, तर तू म्हणालीस म्हणे, शालूशी भांडण मिटलं की सांगते.

“तर काकू,” ती म्हणाली, “मिटलं होतं का?”

कळवते, असं सांगून मी फोन ठेवला.

मिटलं नव्हतं, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला भांडण कशावरून होतं तेही माहीत नाही. आता निम्मं भांडण घेऊन तू निघून गेलीस आणि उरलेलं निम्मं माझ्या डायनिंग टेबलावर पडलंय. मला अर्धवट कामं घरात ठेवता येत नाहीत. म्हणून लिहायला बसले.

लिहितेय तुला, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, इरा आणि नील. कॅनडात बसून दोघं मराठी वाचतात, बोट ठेवून का होईना. त्यांच्याशी मी ती जन्मल्यापासून इंग्रजीत बोलत आले, त्यांना सोपं जावं म्हणून. तू पहिल्याच दिवशी व्हिडिओवर इराला म्हणालीस, “मला इंग्रजी येतं ते लिहिण्यापुरतं. बोलायचं असेल तर मराठीत बोल, नाहीतर माशीशी बोल.” आणि ती बोलायला लागली. तीन महिन्यांत माझी नात ‘अगं’ आणि ‘छे’ म्हणायला शिकली. मला इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते तू माशीच्या तोंडून करून घेतलंस. तेव्हा हे मराठीत लिहिणं भागच आहे.

मला तुझा हेवा वाटायचा, विजू. वाटायचा असं भूतकाळात लिहिलं, पण तेही खरं नाही. वाटतो.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वर्गात आपण एका बाकावर होतो. मी कॉन्व्हेंटमधून आलेले, तू मराठी शाळेतून. माझं जर्नल सर सगळ्यांना फिरवून दाखवायचे. तुझ्या जर्नलवर चहाचे डाग असायचे आणि बेडकाचा एक पाय कागदाबाहेर गेलेला असायचा. पण त्याच सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं, चित्र शालिनीचं बघा आणि उत्तर विजयाचं वाचा. वर्ग हसायचा. मीही हसायचे. मला ते हसू जमवायला लागायचं हे तुला कधी कळलं नाही, किंवा कळलं आणि तू बोलली नाहीस. तुझ्या बाबतीत दोन्ही शक्य होतं.

मग माझं लग्न झालं, मी बोरीवलीला आले आणि एका शाळेत विज्ञान शिकवत राहिले. तू मुलुंडला राहिलीस, कॉलेजात लागलीस आणि माश्यांमागे गेलीस. आपल्या दोघींच्या घरांच्या मधे सगळं जंगलच. तू म्हणायचीस, बिबट्याला शालूकडे सरळ जाता येतं, मला मात्र गोरेगावला वळसा घालून दोन बस. तरी रविवारी यायचीस. कापडी पिशवीत गुंडाळलेली कीटक पकडायची जाळी, छातीशी धरलेली काचेच्या कुप्यांची डबी, आणि माझ्या दारात चपला काढताना ठरलेला टोमणा: “तुझ्या घरी येताना चपलांबरोबर माझा विषयही बाहेरच काढून ठेवावा लागतो.” कारण माझ्या घरात माशी नसते. हे मी अभिमानाने सांगते. ओटा दोनदा पुसते, आंब्याची सालसुद्धा कागदात बांधून ठेवते. आमच्या इमारतीत ओला कचरा सकाळीच नेतात, म्हणून कोलंबी आणली की साली आणि डोकी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घालून मी फ्रीजरमध्ये ठेवते आणि सकाळी दारात देते. तुला हे फार विनोदी वाटायचं. “लोक कोलंबी फ्रीजरमध्ये ठेवतात,” तू ह्यांना सांगायचीस, “तुमची बायको कोलंबी खाऊन टाकते आणि कचरा फ्रीजरमध्ये ठेवते.” हे तुझ्या बाजूने हसायचे. माझा नवरासुद्धा तुझ्याच बाजूचा.

त्या रविवारी मी फ्रीज धुवायला काढला होता. म्हणून ती पुडी स्वयंपाकघराच्या खिडकीत, ग्रिलच्या आत ठेवलेली. आपण जेवत होतो. कोलंबीच्या आमटीत तुझा हात मनगटापर्यंत. मी वाढायला उठले, तर तू म्हणालीस, “शालू, हलू नकोस.” मला वाटलं साप आहे. तू डाव्या हाताने पिशवीतली कुपी काढलीस, खिडकीपाशी गेलीस आणि बूच लावून परत येऊन बसलीस. मग कुपी उजेडात धरून, उष्ट्या हाताने तिच्याकडे बोट दाखवून म्हणालीस, “नर आहे. मागचं टोक लालसर बघ.” आणि पुन्हा भात कालवायला लागलीस.

नील, तू विचारशील की माशीत बघण्यासारखं काय असतं, म्हणून सांगते. ही घरमाशी नव्हे. तिच्याहून मोठी, करडी. हिला मांसमाशी म्हणतात. डोळे विटेच्या रंगाचे. पाठीवर तीन काळे पट्टे, खारीला असतात तसे, फक्त सरळ आणि ठळक. पोटावर बुद्धिबळाचा पट: एक घर रुपेरी, एक काळं. गंमत अशी की माशी जरा तिरकी केली तर रुपेरी घर काळं होतं आणि काळं रुपेरी. ही माशी अंडी घालत नाही. अंडी पोटातच फुटतात आणि ती जिवंत अळ्याच सोडते, म्हणजे पोरं जन्मल्या क्षणापासून जेवायला लागतात. अळीची श्वासाची भोकं शेपटीकडे एका खळग्यात असतात. डोकं चिखलात खुपसून ती मजेत जेवते आणि मागून श्वास घेते. विजूआजीने हे इराला सांगितलं तेव्हा इरा आधी “ईई” म्हणाली आणि मग, परत दाखव ना, म्हणाली.

अडचण एवढीच की जगातल्या बहुतेक मांसमाश्या बाहेरून अशाच दिसतात. एका ठाणातलं कापड नेसलेल्या जावा-जावा जशा. कोण कुठली हे पाठीवरून कळत नाही, पोटावरून कळत नाही, माद्यांवरून तर जवळजवळ नाहीच. कळतं ते नराच्या पोटाच्या शेवटच्या भागावरून.

तेव्हाही मी ‘शेवटचा भाग’च म्हणाले होते, विजू, आणि तू चष्म्यावरून बघितलंस. “लिंग म्हण, शालू. इतकी वर्षं शाळेत शिकवलंस ना? का तो धडा मुलांना घरी वाचायला सांगायचीस?” तोच धडा मी घरी वाचायला सांगायचे. तू कसं ओळखलंस कुणास ठाऊक.

पुढचा उद्योग माझ्या घरातच झाला, कारण तुझ्याकडे रंगकाम चाललं होतं. माशीला ओलाव्यात ठेवून मऊ केलंस, टोकाचा भाग कापलास आणि आतलं मांस विरघळावं म्हणून तो कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात गरम करायला माझं दुधाचं छोटं पातेलं घेतलंस. मी आंघोळीला गेले होते. आले तेव्हा पातेल्यात पाणी, पाण्यात परीक्षानळी, नळीत माशीचं ढुंगण. ते पातेलं मी पुन्हा दुधाला वापरलेलं नाही. पण नंतर ग्लिसरीनच्या थेंबात तो तुकडा माझ्याकडच्या, शाळेच्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवून तू म्हणालीस, “ये, बघ,” आणि मी बघितलं. तेव्हा काय वाटलं ते मी तुला सांगितलं नव्हतं, ते आज सांगते. माझे हात निवृत्तीनंतर कपाटं आवरत होते. एक कपाट झालं की दुसरं, दुसरं झालं की पुन्हा पहिलं. त्या काचेखाली मधाच्या रंगाचं कोरीव काम होतं. हत्तीच्या सोंडेसारखा वळलेला एक दांडा, त्याच्या दोन बाजूंना दोन हात, टोकाला पातळ टोपरं. एवढं सगळं तिळाएवढ्या जागेत. “काढशील?” तू विचारलंस. तुझा हात तेव्हा थरथरायला लागला होता आणि ते तू कुणाला कळू देत नव्हतीस. मी आलेखाचा कागद घेतला. कॉलेज सोडल्यानंतर पहिल्यांदा कुणी मला माझ्या खऱ्या कामाला लावलं, विजू. एका ठिपक्यापुढे दुसरा ठिपका ठेवत मी ते चित्र काढलं तेव्हा मी सुखी होते. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

आता त्या चित्राची गोष्ट. ही तू सगळ्यांना तुझ्या बाजूने सांगितलीस, कल्पनाने तिच्या वर्गात सांगितली, इराने तिच्या मैत्रिणींना सांगितली. आज माझ्या बाजूने होऊन जाऊ दे.

चित्र पूर्ण झालं. तू एक डोळा मायक्रोस्कोपला लावलास, एक कागदाला.

“काटे कुठे गेले?” तू विचारलंस.

“कुठले काटे?”

“दांड्याच्या ह्या पडद्यावरचे. खालून.”

“ते होय. धूळ होती ती. मी चित्रात नाही घेतली.”

मग तू तुझं ते जाडं पुस्तक उघडलंस, ज्यात सगळ्या मांसमाश्यांच्या नरांची चित्रं आहेत, आणि माझं चित्र एका पानाशेजारी ठेवलंस. दोन्ही एकसारखी. पुस्तकातली माशी म्हणजे आपल्या कुठल्याही मासळीबाजारात मिळते ती, नेहमीची.

“शालू,” तू म्हणालीस, “तू मला बाजारातली माशी काढून दिलीस. आणि काचेखाली बसलीय ती दुसरीच आहे.”

मी तेव्हा चिडले होते, कारण मला वाटलं तू माझी चूक काढतेयस. तू चूकच काढत होतीस. पण बघ, मी ते काटे चित्रात दाखवले असते तर तू म्हणाली असतीस, वा, छान, आणि कागद फायलीत गेला असता. मी ते पुसून टाकले म्हणून तुला दिसलं की हिच्यात आणि नेहमीच्या माशीत फरक आहे तो एवढाच, आणि तो फरक धुळीसारखा दिसतो. इतकी वर्षं इतक्या लोकांनी तो धूळ समजून सोडला असेल. त्यानंतर तू मुलुंडला, तुझ्या घरामागच्या टेकडीवर, मासे सडवत बसलीस. तसलेच काट्यांचे नर आणखी सापडले, टोपऱ्याचं टोकही जरा आत वळलेलं निघालं, कल्पनाने एका पायाचा तुकडा डीएनए तपासायला दिला आणि तिकडूनही वेगळीच असा निरोप आला. हे सगळं तुझं. पण सुरुवात माझ्या झाडूने झाली. तू मात्र जिथेतिथे एवढंच सांगितलंस, “शालूने नवी जात पुसून काढली होती.” लोक हसले. आणि मी पुन्हा ते जमवलेलं हसू हसले.

लेखाचं इंग्रजीही मीच नीट केलं. तुझी वाक्यं सुरू व्हायची मुलुंडला आणि संपायची ठाण्याला. मी ती मधेच उतरवून घ्यायचे. पकडल्याची जागा लिहायची वेळ आली तेव्हा आपण दुपारभर भांडलो. नियमाने जो पहिला नमुना, ज्याच्यावर त्या जातीचं नाव उभं राहतं, त्याला लाल चिठ्ठी लागते आणि त्यावर कुठे, कशावर ते लिहावं लागतं. तू लिहिलंस, बोरीवली, राहत्या घरात, स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर. मी म्हटलं, मुलुंडचा नमुना घे ना पहिला. तू म्हणालीस, तो पाय मोडलेला आहे, तुझाच चांगला आहे. जगात जिथे कुठे मांसमाश्यांची कपाटं असतील तिथल्या लोकांना कळणार की बोरीवलीत शालिनी वैद्यांच्या घरी माश्या होत्या. “तुझं नाव कुठे आहे त्यात?” तू म्हणालीस. “फक्त कचरा आहे.”

आता इरा.

इरा, तू हे वाचशील आणि तुला वाईट वाटेल, तरी लिहिते. आधी रविवारी तू मला फोन करायचीस. मग विजू माझ्याकडे आलेली असताना आम्हा दोघींना. मग विजूने मायक्रोस्कोपच्या भिंगाला मोबाइल टेकवून तुला माशीचे पट्टे दाखवले आणि त्यानंतर तुझा फोन थेट मुलुंडला जायला लागला. माझ्याकडे यायचा तेव्हा तू विचारायचीस, विजूआजी आलीय का. मी म्हणायचे, नाही गं, मीच आहे. ‘मीच आहे’ हे मी इतक्या वेळा म्हटलं की एकदा ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे बघितलं.

कॉम्प्युटरचा अभ्यास सोडून कीटकांचा घ्यायचा हे तू ठरवलंस, ते मला तुझ्या बाबाने सांगितलं. तो रागावलेला होता आणि त्याला वाटलं मला माहीत असणार. माहीत होतं विजूला. मी विजूला फोन केला. विजू, तू काय म्हणालीस आठवतं? “तिने मला सांगितलं कारण मी तिची कुणी लागत नाही. तुला सांगायचं तर तुला आवडायला हवं.” खरं होतं. खरं असल्यामुळे जास्त लागलं. मी त्या दिवशी फ्रीज पुन्हा धुतला.

आणि मग आपली शेवटची भेट.

आधी नीलसाठी नावाचा संकेत सांगते, म्हणजे भांडण समजेल. प्राण्याच्या शास्त्रीय नावात पहिलं नाव घराण्याचं, ते सगळ्या बहिणींना सारखं. दुसरं तिचं स्वतःचं. आणि त्याच्या मागे, ज्याने ती जात पहिल्यांदा ओळखून लिहिली त्याचं आडनाव. हे आडनाव मग कायम तिच्यामागे चालत राहतं. ओळखणाऱ्याने आपलंच नाव माशीला देऊ नये असा शिष्टाचार आहे. दुसऱ्या कुणाचं द्यावं. ज्याचा मान करायचा असेल त्याचं.

मी मुलुंडला आले होते. तू चहा टाकलास, बाकरवडी काढलीस, आणि म्हणालीस, “नाव ठरलं.”

मी म्हटलं, काय.

“शालिनी.”

एक क्षणभर मला इतका आनंद झाला की चहा सांडला. मग माझ्या लक्षात आलं.

“म्हणजे लेखकांत मी नाही,” मी म्हटलं.

“कशी असशील? स्वतःच्या लेखात स्वतःच्या नावाची माशी उडवणार? लोक हसतील.”

“मग दुसरं काही ठेव. बोरीवलीचं ठेव. पण मला लेखकांत घे.”

तू बाकरवडी खाली ठेवलीस. “चित्रं तू काढलीस शालू, आणि झकास काढलीस. जात मी ओळखली.”

“मी पुसली म्हणून ओळखलीस.”

“बरं, मग तसंही लिहिते आभारात.”

तू हसत होतीस. मी हसले नाही. तुला म्हटलं, मला मान नको, काम हवंय. इतकी वर्षं चित्र शालिनीचं आणि उत्तर विजयाचं झालं, आता एकदा उत्तर दोघींचं होऊ दे. तू उठून खिडकीपाशी गेलीस. तुला राग आला की तू खिडकीपाशी जायचीस. पाठ करूनच म्हणालीस, “ज्या बाईच्या घरात माशी टिकत नाही तिच्या नावाची माशी. ह्याच्यापेक्षा मोठं मला काही देता येत नाही. आणि तुला ते कमी वाटतंय.”

मी पर्स उचलली. बस चुकेल, म्हटलं. तू दारापर्यंत आलीस. घरी पोचल्यावर तुला कळवलं, पोचले. तू उत्तर दिलंस, बरं. त्यानंतर मी फोन केला नाही आणि तूही नाहीस. मला वाटलं रविवारी येशीलच. येताना जाळी आणशील आणि दारात काहीतरी बोलशील. रविवारी आला तो तुझ्या शेजारणीचा फोन.

इराला मी सांगितलं. विजू, ती इतकी रडली. मोबाइल टेबलावर पडलेला, मला तिचं छत दिसत होतं आणि नुसता आवाज येत होता. आणि मी बोरीवलीत बसून काय विचार करत होते, तर माझ्यासाठी ही एवढी रडेल का. तू जाऊन चार तास झाले नव्हते. माझी एकुलती एक मैत्रीण गेली होती आणि मी तिच्या वाटचे हुंदके मोजत होते. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

कल्पनाचा फोन आला आणि हे लिहायला घेतलं त्या दिवशीच मी इराला कळवलं की नाव तेवढं राहिलंय. तिचं उत्तर तयारच होतं. “आजी, विजया ठेवायचं. विजूआजीचं नाव. तूच लेखक हो ना. चित्रं तुझी आहेत, इंग्रजी तुझं आहे. ती लेखक राहिली तर तिचं नाव नाही ठेवता येणार, मला माहितीय. पण तू झालीस तर येईल.”

कल्पनाला विचारलं. ती अडखळली, पण म्हणाली, काकू, मॅडमच्या आठवणीसाठी म्हणून तसं करता येईल, कुणी हरकत घेणार नाही.

कुणी हरकत घेणार नाही, विजू. मला हवी ती गोष्ट माझ्या ताटात वाढून आली होती. मी दोन्ही नावं कागदावर लिहून बघितली, आधी शिसपेन्सिलीने, मग पेनने. विजया वैद्य. तू माझं आडनाव लावून माझ्यापुढे. ओळखणारी मी आणि ओळखलेली तू. दिवसभर तो कागद मी टेबलावर ठेवला आणि येताजाता वाचला. ह्यांनी एकदाच विचारलं, हे कुणाचं लग्न ठरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी कुपी काढली. लाल चिठ्ठीची. तू ती माझ्याकडे ठेवली होतीस, कारण तुझ्याकडे मुंग्या असतात. मायक्रोस्कोप लावला आणि ते काटे पुन्हा बघितले. मी तुला आज खरं सांगते, ते अजूनही मला धुळीसारखेच दिसतात. आहेत हे माहीत असून. डोळा बारीक केला, भिंग फिरवलं, दिवा तिरका केला. धूळ. तू एका नजरेत काटे बघितले होतेस, उष्ट्या हाताने, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मग मी कसं लिहू की मी ओळखली? चित्र काढता येतं म्हणून दिसतं असं नाही. हे मला कॉलेजपासून माहीत होतं. तुला माझ्या हाताचा कधी हेवा वाटला नाही, मला मात्र तुझ्या डोळ्याचा वाटत राहिला. आजही वाटतो. पण चोरी करण्याइतका नाही.

हे चांगुलपण आहे असं समजू नकोस. मी दुसरा विचारही केला. विजया वैद्य असं झालं, तर इरा जन्मभर कुठल्याही कपाटापुढे उभी राहून विजया म्हणणार, आणि मी तिच्यामागचं एक आडनाव. आणि तुझ्या मनासारखं झालं, तर शालिनी गायकवाड. माझं नाव आधी, तुझं मागे. लग्नात ह्यांचं आडनाव लावलं, आता म्हातारपणी तुझं लावायचं. माझ्या नातीला जेव्हा जेव्हा तुझं नाव घ्यायचं असेल तेव्हा तिला आधी माझं घ्यावं लागेल. तू हे देत होतीस आणि मी ते कमी समजले, कारण तेव्हा तू समोर होतीस आणि मला तुझ्या शेजारची जागा हवी होती. समोर असलेल्या माणसाशी असंच होतं.

कल्पनाला कळवलं. नाव शालिनी, लेखिका एकटी विजया गायकवाड. चित्रांसाठी आभार, एक ओळ, जास्त नको. पुसण्याचा उल्लेख करायचा की नाही ते तिच्यावर सोडलंय, आणि मला ठाऊक आहे ती करणार.

मग इराला फोन केला. तिला वाटलं मी तिचं ऐकलं. मी सांगितलं, नाही, विजूने नाव ठरवलं होतं, आम्ही शेवटचं भेटलो तेव्हाच. कुठलं, तिने विचारलं. मी सांगितलं.

ती पडद्यावर नखं बघत होती. मग हळूच म्हणाली, “हे तिने मला नाही सांगितलं.”

“नाही?”

“नाही. मी विचारलं पण होतं. म्हणाली अजून ठरलं नाही.” आणि मग, “मला वाटायचं ती मला सगळं सांगते.”

तो आवाज मी ओळखला, विजू. मला तो चांगला ओळखीचा आहे. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण ती कॅनडात. चार समजुतीचे शब्द बोलायला हवे होते, तेही सुचले नाहीत. मी एवढंच म्हटलं, “सगळं नव्हती सांगत गं. काही मलाच सांगायची.”

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. तू गेल्यापासून त्या दुपारी मला पहिल्यांदा भूक लागली होती.